शेतातल्या मोटारीची केबल: किती एमएमची, हे ठरवायचं कसं

दुकानात जाऊन "पाच एचपीची मोटार आहे, केबल द्या" म्हटलं की अडीच एमएमचा गठ्ठा पुढे येतो. करंटला ती पुरते हेही खरं. पण मोटार मीटरपेटीपासून तीनशे मीटरवर असेल, तर तीच केबल वाटेत चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट खाते. मग मोटार गुरगुरते, तापते, ओव्हरलोड (स्टार्टरमधली, जास्त करंट गेला की मोटार बंद करणारी रिले) पडतो आणि एका हंगामात ती भरायला, म्हणजे वाइंडिंग नव्याने करायला, न्यावी लागते. दोष व्होल्टेजवर, मोटारीवर किंवा वायरमनवर जातो. केबलकडे कुणी बघत नाही.

घराच्या वायरिंगमध्ये करंट बघून वायर घेतली की बहुतेक वेळा भागतं. शेतात अंतर ठरवतं. खालचा क्रम तीन फेजच्या सबमर्सिबल मोटारीसाठी आहे. घरच्या बोअरच्या सिंगल फेज मोटारीचा हिशोब चौथ्या टप्प्यात थोडक्यात दिला आहे. सौर पंपाचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

आधी हाताशी काय ठेवायचं

पन्नास मीटरचा टेप, क्लॅम्प मीटर (वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात), मल्टिमीटर, वही-पेन आणि मोटारीच्या पाटीचा फोटो. मोटार आधीच बोअरमध्ये असेल तर पाटीसाठी खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा तपशील चालतो. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) वायरमनकडून मागून घ्या, शेवटी लागणार आहे.

इशारा: आकडेमोड कुणीही करू शकतो. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मीटरच्या अलीकडचं, म्हणजे खांबावरचं आणि डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) काम महावितरणच्या माणसाशिवाय कुणी करायचं नाही.

## टप्पा १: मोटारीची पाटी नीट वाचा

नुसता एचपी पुरत नाही. पाटीवरून चार गोष्टी वहीत उतरवा: किती फेज, किती व्होल्ट, पूर्ण लोडचा करंट आणि मोटारीतून किती वायरी बाहेर आल्या आहेत, तीन की सहा.

पाटी वाचता येत नसेल तर अंदाजासाठी, तीन फेजच्या सबमर्सिबलला साधारण एवढा करंट लागतो:

- ३ एचपी: साडेपाच ते सात अँपिअर
- ५ एचपी: साडेआठ ते दहा
- ७.५ एचपी: साडेबारा ते पंधरा
- १० एचपी: सतरा ते एकोणीस

मोटार एक-दोनदा भरलेली असेल तर पाटीवरच्या करंटवर विसंबू नका. भरताना तारेचा गेज किंवा वेढे बदललेले असू शकतात. मोटार चालू करून तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर लावा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा.

पुढच्या सगळ्या गणितात एकच उदाहरण चालवू: ५ एचपी, तीन वायरींची मोटार, थेट स्टार्टर (मोटारीला एकदम पूर्ण व्होल्टेज देणारा), पूर्ण लोडचा करंट ९.५ अँपिअर.

## टप्पा २: लांबी मोजा, पावलांनी नव्हे

वाटेचे दोन तुकडे असतात आणि दोन्ही वेगळे लिहायचे. पहिला, मीटरपेटीपासून स्टार्टरपर्यंत. दुसरा, स्टार्टरपासून बोअरच्या तोंडापर्यंत आणि तिथून खाली मोटारीपर्यंत. बोअर किती फूट घेतला हे इथे कामाचं नाही. मोटार किती फुटांवर सोडली आहे ते लिहा. सव्वातीन फूट म्हणजे एक मीटर.

उदाहरणात पहिला तुकडा २४० मीटर आणि दुसरा ६० मीटर आहे.

इथे होणाऱ्या चुका तीन. बांधावरून वळसा घालून केबल जाणार असताना सरळ रेषेत अंतर मोजणं. बोअरमधली लांबी विसरणं. आणि तिसरी उलट दिशेची: "जायची आणि यायची" म्हणून तीन फेजच्या केबलची लांबी दुप्पट धरणं. दुप्पट फक्त सिंगल फेजला करायची. तीन फेजला त्याऐवजी १.७३ ने गुणायचं असतं, आणि तो आकडा सूत्रातच आहे.

## टप्पा ३: मीटरवर किती व्होल्ट येतात ते आधी बघा

खरेदीला जाण्याआधी हे करा. आजूबाजूच्या सगळ्या मोटारी चालू असतात त्या वेळी, आपलीही मोटार चालू ठेवून, मीटरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा: लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल.

तिथेच ३५० च्या खाली येत असेल, तर दुखणं डीपीवरच्या लोडचं आहे. कितीही जाड केबल टाकली तरी डीपीवर नसलेलं व्होल्टेज ती आणून देणार नाही. आधी महावितरणकडे अर्ज. तीन आकड्यांत दहा-बारा व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तेही त्याच अर्जात लिहा, कारण असमान व्होल्टेजने एकच वाइंडिंग जळतं.

उदाहरणात लोडच्या वेळी मीटरवर ३७० मिळतात असं धरू.

## टप्पा ४: कोणत्या मापाची केबल, दोन चाळण्या

"अडीच एमएम" म्हणजे तारेची जाडी अडीच मिलिमीटर नव्हे. ते तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ आहे, अडीच चौरस मिलिमीटर. म्हणून केबलची जाडी बाहेरून बघून माप ओळखता येत नाही. वरचं पीव्हीसी जाड असलं की दीडची केबल अडीचची वाटते.

### पहिली चाळणी: केबल तापणार तर नाही?

सबमर्सिबलच्या तीन कोअर चपट्या तांब्याच्या केबलची क्षमता, हवेचं तापमान ४० अंश धरून:

- १.५ एमएम: १४ अँपिअर
- २.५ एमएम: १८
- ४ एमएम: २६
- ६ एमएम: ३१
- १० एमएम: ४२

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये उन्हात, पत्र्याला टेकून गेलेल्या केबलला हे आकडे लागू होत नाहीत. भोवतीचं तापमान ५० धरलं तर पीव्हीसी केबलची क्षमता सुमारे ०.८ पट उरते. २.५ एमएमचे १८ मग साडेचौदावर येतात.

उदाहरणातले ९.५ अँपिअर यात बसतात. दुकानदार इथेच थांबतो.

तपासा: उरलेली केबल गुंडाळून स्टार्टरच्या मागे टांगलेली आहे का? गुंडाळीच्या मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. सुटी टांगलेली केबल थंड असताना ही गुंडाळी हाताला चटका देते. दोन-तीन मीटर मोकळी ठेवा, बाकीची कापा.

### दुसरी चाळणी: वाटेत किती व्होल्ट पडणार?

तीन फेजसाठी:

व्होल्टेज ड्रॉप = १.७३ × करंट × लांबी मीटरमध्ये × एक किलोमीटरचा रेझिस्टन्स ÷ १०००

केबल तापल्यावरचा एका कोअरचा रेझिस्टन्स, ओहममध्ये, दर किलोमीटरला:

तांबं, चपटी लवचिक केबल: १.५ एमएमला १५.९, २.५ ला ९.६, ४ ला ५.९, ६ ला ४.०; १० ला २.३.

ॲल्युमिनियम, आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल: १० एमएमला ३.७, १६ ला २.३, २५ ला १.४४, ३५ ला १.०४.

पॉवर फॅक्टर यात मुद्दाम धरलेला नाही. त्यामुळे उत्तर थोडं जास्त येतं, आणि शेतावर ते जास्त आलेलंच बरं.

आता उदाहरण. १.७३ गुणिले ९.५ म्हणजे १६.४.

बोअरच्या ६० मीटरला, तांबं:
- २.५ एमएम: ९.४ व्होल्ट
- ४ एमएम: ५.८
- ६ एमएम: ३.९

मीटरपासूनच्या २४० मीटरला, ॲल्युमिनियम:
- १० एमएम: १४.६
- १६ एमएम: ९.१
- २५ एमएम: ५.७

दोन्ही तुकड्यांची बेरीज करायची, आणि ही बेरीजच बहुतेकांच्या हातून राहून जाते. पूर्ण वाटेवर ४१५ च्या (तीन फेजच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या) ३ टक्के, म्हणजे साडेबारा व्होल्ट, हे लक्ष्य ठेवा. ५ टक्क्यांपुढे, म्हणजे वीस-एकवीसच्या वर, कोणत्याही कारणाने जाऊ नका.

२.५ तांबं आणि १० ॲल्युमिनियम ही जोडी करंटला बसत होती. तिचा ड्रॉप २४ व्होल्ट, म्हणजे ५.८ टक्के: नापास. ४ आणि १६ ची जोडी घेतली तर १४.९, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मीटरवर व्होल्टेज चांगलं असेल तर चालून जाईल. ४ आणि २५ ची जोडी ११.५ वर येते, २.८ टक्के. मीटरवर ३७० च असताना हीच घ्यावी.

पैसे कुठे घालायचे तेही या आकड्यांतून दिसतं. बोअरची केबल ४ वरून ६ केली तर दोनच व्होल्ट वाचतात. लांब तुकडा १६ वरून २५ केला तर साडेतीन. जाड केबल आधी लांब तुकड्याला.

नापास जोडी चालू असताना सुमारे ४०० वॉट केबलमध्येच जाळते, ४ आणि २५ ची जोडी त्याच्या निम्मे. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून बिल माफ आहे, म्हणून या ४०० वॉटकडे कुणी बघत नाही. पण बिल माफ झालं तरी पडलेलं व्होल्टेज माफ होत नाही. ते मोटारीच्या वाइंडिंगमधून वसूल होतं.

सहा वायरींची, स्टार-डेल्टा (स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू होऊन मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर चालणारी) मोटार असेल तर. दोन तीन-कोअर केबली खाली जातात, म्हणून माप निम्मं करायचं हा समज चुकीचा आहे. डेल्टात चालताना प्रत्येक कोअरमधून लाइनच्या करंटच्या ०.५८ पट करंट जातो, आणि ड्रॉप त्याच मापाच्या एका केबलीच्या दोन-तृतीयांश येतो. म्हणजे गणित एका केबलीसारखं करा, उत्तराला ०.६७ ने गुणा. ही सवलत फक्त स्टार्टरपासून मोटारीपर्यंतच्या तुकड्याला आहे. मीटरपासून स्टार्टरपर्यंत पूर्ण करंटच जातो.

सिंगल फेज, घरची बोअर. सूत्रात १.७३ च्या जागी २ घाला आणि ड्रॉपची तुलना २३० शी करा. एक एचपी, साडेसात अँपिअर, ५० मीटर: १.५ एमएमला १२ व्होल्ट, म्हणजे ५ टक्क्यांच्या वर, २.५ ला ७.२, तीन टक्क्यांच्या किंचित वर; ४ ला ४.४. इथे २.५ काठावर बसते, ४ निवांत.

## टप्पा ५: सुरू होण्याचा क्षण

थेट स्टार्टरवर मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी पॉवर फॅक्टर कमी असल्याने ड्रॉप पूर्ण सहा पट होत नाही, पण वर काढलेल्या आकड्याच्या साडेतीन-चार पट सहज होतो.

नापास जोडीच्या २४ व्होल्टचे मग ८५ ते ९५ होतात. ३७० मधून ते वजा केले की मोटारीला २८० च्या आसपास मिळतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो, म्हणून २८० व्होल्टला तो ४१५ वरच्या जोराच्या निम्म्याहूनही कमी भरतो. मोटार उचलायला वेळ घेते, तेवढा वेळ मोठा करंट वाहत राहतो आणि ओव्हरलोड पडतो. मग कुणीतरी ओव्हरलोडची चकती वर फिरवतो. त्या दिवसापासून मोटारीला राखण उरत नाही.

तपासा: चौथ्या टप्प्यातल्या ड्रॉपला ४ ने गुणा आणि मीटरवरच्या व्होल्टेजमधून वजा करा. ३०० च्या खाली गेलं तर एक माप वर जा.

इशारा: एक फेज गेल्यावर कॅपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवायची सवय असेल, तर वरचं काहीच लागू होत नाही. त्या अवस्थेत एखाद्या वायरमधून पाटीपेक्षा कितीतरी जास्त करंट जातो. त्यासाठी जाड केबल हा उपाय नाही.

## टप्पा ६: एमसीबी, ओव्हरलोड आणि अर्थ

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) केबलसाठी असतो, ओव्हरलोड मोटारीसाठी. दोघांची कामं एकमेकांवर ढकलायची नाहीत.

एमसीबीचा आकडा मोटारीच्या करंटपेक्षा मोठा आणि केबलच्या क्षमतेपेक्षा लहान हवा. ९.५ अँपिअरच्या मोटारीला १६ चा सी प्रकारचा एमसीबी लावला, तर उन्हातली २.५ एमएम साडेचौदाचीच असल्याने तिथेही नापास होते. ४ एमएम उन्हातही वीसच्या वर राहते. सुरू होतानाच एमसीबी पडत असेल तर २५ चा आणू नका; डी प्रकारचा १६ लावा.

ओव्हरलोड पाटीच्या करंटवर ठेवा, इथे साडेनऊवर. स्टार-डेल्टात रिले आतल्या बाजूला असेल तर पाटीच्या ०.५८ पट. कटआऊटमध्ये फ्यूजच्या जागी तांब्याच्या पिळलेल्या तारा घातल्या असतील, तर आत्ताच काढा. त्या तारा वितळण्याआधी केबल वितळते.

चपट्या केबलला अर्थची कोअर नसते. खाली लोखंडी पाइप असेल तर निदान तो अर्थ करता येतो. एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप असेल तर मोटारीच्या अंगाला अर्थ मिळायला काही मार्गच उरत नाही. म्हणून फेजच्या मापाची वेगळी हिरवी वायर केबलबरोबर खाली सोडा. तीन फेजच्या मोटारीला दोन स्वतंत्र अर्थ लागतात. आर्मर्ड केबलचं आर्मर ग्लँडमधून अर्थला जोडा, नुसतं कापून मोकळं सोडू नका.

## टप्पा ७: दुकानात

आयएसआय खूण आणि केबलवर छापलेलं माप बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. तारा मोजा. ०.३ मिलिमीटरच्या तारा असतील तर एका कोअरमध्ये २.५ एमएमला साधारण ३६, ४ ला ५६ आणि ६ ला ८४ भरतात. तार बारीक वापरली असेल तर संख्या जुळूनही तांबं कमी असू शकतं. त्यावर उपाय वजनाचा: एका कोअरचं दहा सेंटिमीटर सोलून नुसतं तांबं सोनाराच्या काट्यावर ठेवा. ४ एमएमचं साधारण साडेतीन ग्रॅम भरलं पाहिजे, २.५ चं सव्वादोनच्या आसपास. ४ म्हणून घेतलेलं तीन ग्रॅमच्या खाली आलं तर परत करा.

एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. काट्यावर ते तांब्याच्या निम्मंही भरत नाही.

## टप्पा ८: जोड आणि टाकणी

बरोबर माप घेऊनही ड्रॉप जास्त येतो तो बहुतेक जोडांमुळे.

१. मोटारीच्या वायरी आणि केबल यांचे तीन जोड एकाच जागी येऊ देऊ नका. पाच-पाच सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा.

२. पिळून टेप मारणं म्हणजे जोड नव्हे. तांब्याची स्लीव्ह दाबा, वर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, त्यावर पीव्हीसी टेप.

३. जोड पाण्याच्या बादलीत बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा. नव्या मोटारीला २० मेगाओहमच्या वर यायला हवं. नाही आलं तर जोड उघडा. बोअरमध्ये सोडून मग बघू, असं करू नका.

४. उतरवताना दर तीन मीटरला केबल पाइपला बांधा. मोटारीचं वजन केबलीवर कधीच येऊ देऊ नका. त्यासाठी वेगळा दोर.

५. ॲल्युमिनियम आणि तांबं एकाच बोल्टखाली उघडे दाबू नका. ओल लागली की तिथे पांढरी बुकटी धरते, जोड तापतो. मध्ये बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेलं टोक) घाला.

६. स्टार्टरच्या टर्मिनलमध्ये २५ एमएम शिरत नाही, म्हणून तारा छाटून बारीक करतात. सगळ्या खर्चावर पाणी फिरवणारी ही चूक. जाड केबल मेन स्विचला लग लावून संपवा आणि तिथून स्टार्टरला ४ किंवा ६ एमएम तांब्याचा छोटा तुकडा न्या.

७. जमिनीतली आर्मर्ड केबल किमान पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा. नांगराचा फाळ आणि जेसीबी यांना बांध ओळखू येत नाही, म्हणून वाटेत खुणेचे दगड ठेवा. गाडीवाटेखाली पाइपातून न्या.

## टप्पा ९: चालू करून मोजा

मोटार उतरवल्यावर पुन्हा मेगर लावा. २ मेगाओहमच्या वर असेल तरच सुरू करा.

मोटार दहा मिनिटं चालू द्या. मग मीटरवर आणि स्टार्टरच्या आत येणाऱ्या बाजूला, लागोपाठ, व्होल्टेज मोजा. उदाहरणात या तुकड्याचा ड्रॉप गणिताने ५.७ आला होता. प्रत्यक्षात चार-पाच दिसायला हवा, कारण आपण जास्तीचं धरलं होतं. नऊ-दहा दिसला तर केबल बदलायच्या आधी मधले सगळे जोड आणि लग पुन्हा घट्ट करा. वीज बंद करून हात लावला तर गुन्हेगार जोड गरम लागतो.

तिन्ही फेजचा करंट आणि दोन्ही ठिकाणचं व्होल्टेज खडूने नव्हे, पक्क्या रंगाने स्टार्टरच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या हंगामात मोटार गुरगुरली की आधी झाकण उघडायचं. करंट तेवढाच आणि ड्रॉप वाढलेला असेल तर जोड शोधा. मीटरवरचंच व्होल्टेज उतरलेलं असेल तर डीपीवर नवी मोटार चढली आहे. ड्रॉप करंटच्या पटीतच वाढला असेल आणि मीटरवरचं व्होल्टेज पूर्वीइतकंच असेल, तर मात्र मोटार वर काढावी लागेल.